1289 रुपयांची रेघ: तणनाशकाच्या आयातीवर निर्बंध आल्यावर पुण्यातल्या एका कंपनीची धावपळ

प्रकरणातली कंपनी, माणसं आणि संघटना ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत. सरकारी आदेश, त्यांच्या तारखा आणि कायद्यातल्या तरतुदी मात्र खऱ्या आहेत.

पार्श्वभूमी

कंपनी दोन भावांची. ऑफिस मार्केट यार्डाच्या परिसरात, कारखाना जिल्ह्यातल्याच एका औद्योगिक वसाहतीत. धंदा फॉर्म्युलेशनचा. टेक्निकल, म्हणजे जवळजवळ शुद्ध स्वरूपातलं मूळ रसायन, बाहेरून घ्यायचं, त्यात बाकीचे घटक मिसळून शेतकऱ्याला पंपात ओतता येईल असं औषध बनवायचं, बाटल्या भरायच्या आणि कृषी सेवा केंद्रांना हंगामभराच्या उधारीवर द्यायच्या. थोरला भाऊ खरेदी आणि आयात बघतो, धाकटा विक्री.

त्यांच्या विक्रीत ग्लुफोसिनेट अमोनियम 13.5 टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रवरूप) या तणनाशकाचा वाटा दोन हंगामांत चांगलाच वाढला होता. त्यामागे एक सरकारी आदेशच होता. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करावा असं बंधन घातलं. बांधावरचं गवत जाळायला कुणी शेतकरी पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करणार नाही, हे आदेश काढणाऱ्यांनाही कळत असावं. पण परवानाधारक दुकानदाराला ग्लायफोसेट उघडपणे पुढे करणं अवघड झालं आणि फळीवरच्या त्या जागी ग्लुफोसिनेट आलं. ते काही ग्लायफोसेटचं जुळं भावंड नव्हे. ज्या हिरव्या भागावर पडतं तो भाग जाळतं, मुळापर्यंत फारसं उतरत नाही. लव्हाळ्याची गाठ जमिनीत शाबूत राहते आणि काही दिवसांनी पुन्हा फुटते. तरी दुसरं काही हाताशी नसल्यानं ते खपत होतं.

त्यात 2023 मध्ये चीनमधल्या टेक्निकलचे भाव कोसळले. आधीच्या दोन वर्षांत जगभरच्या कंपन्यांनी टंचाईच्या भीतीनं गोदामं भरून ठेवली होती, ती रिकामी होईपर्यंत नवी मागणी थंडावली, आणि चीनमध्ये तर उत्पादनक्षमता वाढतच होती. फॉर्म्युलेटरला हे दिवस सुगीचे होते. देशात टेक्निकल बनवणाऱ्या मोजक्या कारखान्यांना मात्र आपला उत्पादनखर्चही त्या भावात भागवता येत नव्हता.

आपल्याकडे ‘उद्योगाचं म्हणणं’ असा शब्दप्रयोग सर्रास होतो. या धंद्यात तसं एक म्हणणं नसतंच. संशोधनावर चालणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना डेटाचं संरक्षण हवं असतं. देशी टेक्निकल उत्पादकांना स्वस्त आयात थांबायला हवी असते, विशेषतः तयार फॉर्म्युलेशनची. ही त्यांची मागणी जुनी आहे. आणि आपल्या प्रकरणातल्यासारख्या फॉर्म्युलेटरांना टेक्निकल जिथून स्वस्त मिळेल तिथून हवं असतं. हे तिघंही निवेदन लिहायला बसले की पहिल्या ओळीत ‘बळीराजा’ येतो.

अडचण

25 जानेवारी 2024 रोजी विदेश व्यापार महासंचालनालयानं, म्हणजे डीजीएफटीनं, अधिसूचना काढली. किमान 95 टक्के शुद्धतेचं ग्लुफोसिनेट आणि त्याचे क्षार यांची आयात तोवर मुक्त होती, ती प्रतिबंधित झाली. अपवाद एकच: किलोमागे सीआयएफ किंमत, म्हणजे विमा आणि जहाजभाडं धरून मालाची किंमत, 1289 रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर आयात खुली. बंदी म्हणावं तर माल येऊ शकत होता, पण त्या रेघेच्या वरच्या भावानंच. थोरल्या भावाची खरेदी या रेघेच्या बरीच खाली होती.

दिवस गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन, मग शनिवार-रविवार. बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर संध्याकाळी फिरली आणि सोमवारपर्यंत विचारायला ना बँक उघडी होती, ना सरकारी कचेरी.

कंपनीचा माल दोन ठिकाणी अडकलेला होता. पहिली खेप जहाजावर चढली होती, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवर, जानेवारीच्या सुरुवातीची तारीख होती. दुसऱ्या खेपेची ऑर्डर पक्की होती, आगाऊ रक्कम टीटीनं, म्हणजे बँकेतून थेट, गेली होती, माल मात्र चीनमधल्या कारखान्यातच होता.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं बरंचसं तिच्यावरच फिरलं. विदेश व्यापार धोरणाच्या परिच्छेद 1.05 मध्ये अशा प्रसंगासाठी एक सर्वसाधारण सवलत आहे. मुक्त आयातीवर अचानक निर्बंध आला, तर निर्बंधाच्या तारखेआधी उघडलेल्या अपरिवर्तनीय एलसीखालचा (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे विकणाऱ्याला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) माल, अधिसूचनेत वेगळं काही म्हटलेलं नसेल तर, येऊ दिला जातो. ती एलसी 15 दिवसांच्या आत डीजीएफटीच्या विभागीय कार्यालयात नोंदवावी लागते. पुण्यात असं कार्यालय आहे. पण कंपनीकडे एलसीच नव्हती. एलसीला बँकेचं कमिशन लागतं, मार्जिन अडकतं, कागद वाढतात. जुना पुरवठादार, विश्वासाचा व्यवहार, म्हणून तीसेक टक्के आगाऊ आणि बाकी कागदपत्रांवर, असा शिरस्ता पडला होता. आगाऊ दिलेल्या पैशाला धोरणात कसलंही कवच नाही. एलसीवाला सुटतो, रोख मोजणारा अडकतो.

गणित

सोमवारी सकाळी कीडनाशक कंपन्यांच्या संघटनेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निवेदनाचा पहिला मसुदा येऊन पडला. ‘या निर्णयामुळे राज्यातील ऊस, द्राक्ष व डाळिंब उत्पादक शेतकरी देशोधडीला लागेल’ अशी त्याची सुरुवात होती. धाकट्याला तो आवडला. थोरल्यानं कॅल्क्युलेटर काढला.

13.5 टक्के एसएलच्या एका लिटरमध्ये 150 ग्रॅम मूळ घटक असतो. 95 टक्के शुद्धतेचं टेक्निकल धरलं तर लिटरमागे साधारण 158 ग्रॅम लागतं. 1289 च्या भावानं त्याचे होतात 203 रुपये. जुना भाव हिशोबापुरता 800 धरला तर होतात 126. फरक लिटरमागे 77 रुपये. लेबलवरची मात्रा हेक्टरी अडीच ते सव्वातीन लिटर, म्हणजे एकरी एक ते सव्वा लिटर. कर, वितरकाचा आणि दुकानदाराचा टक्का चढवून शेतकऱ्यावर एकरी शंभर-सव्वाशे रुपयांचा बोजा. खुरपणीला चार बायका एक दिवस लावल्या तरी याच्या कितीतरी पट मजुरी जाते.

आता तेच कंपनीच्या बाजूनं. किलोमागे 489 रुपयांचा फरक म्हणजे दहा टनांच्या खेपेमागे जवळपास 49 लाख. तेही हंगामाआधी मोजायचे, आणि वसुली दिवाळीनंतर, कधी त्याच्याही पुढे.

म्हणजे ज्याला खरा फटका बसत होता त्याचं नाव निवेदनात नव्हतं, आणि ज्याचं नाव होतं त्याला बसणारा फटका दुकानातल्या उधारीच्या व्याजाएवढाही नव्हता. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली या आकडेमोडीत आहे. त्या सोमवारी मात्र तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

समोरचे पर्याय

*संघटनेमार्फत विरोध.* हा पहिला विचार, आणि तो दोन दिवसांत मावळला. संघटनेच्या कार्यकारिणीवर टेक्निकल बनवणारेही होते. त्यांच्या दृष्टीनं हा निर्णय उशिरा आलेला न्याय होता. सचिवांनी थोरल्याला फोनवर स्पष्टच सांगितलं, “शेठ, मी कुठल्या बाजूनं सही करू? दोघांची वर्गणी येते.” संघटना गप्प राहिली.

*फॉर्म्युलेटरांचा वेगळा गट.* पुणे, नगर, नाशिक पट्ट्यातले सहा जण एकत्र आले. इथून पुढे ‘गट’ म्हणजे हे सहा. त्यांची कागदपत्रं पाहण्याचं काम माझ्याकडे होतं.

*देशी टेक्निकल घेणं.* सरळ मार्ग, पण भाव रेघेला चिकटूनच असणार हे उघड होतं. आयातवाल्याला 1289 च्या खाली उतरता येत नाही, तर देशातला उत्पादक त्याहून फार खाली कशाला उतरेल?

*दुसऱ्या रसायनाकडे वळणं.* खरिपासाठी फळीवर काहीतरी ठेवायला हवंच होतं. पण बिगरनिवडक, म्हणजे समोर येईल ती हिरवळ मारणाऱ्या, तणनाशकांत निवड थोडी. ग्लायफोसेटवर आधीच बंधन, आणि पॅराक्वाटच्या विषबाधेवर उतारा नसल्यामुळे धाकटा त्याला हात लावायला तयार नव्हता.

*बिलाची हातचलाखी.* हा पर्याय कुणी कागदावर लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. तिसऱ्याच दिवशी पुरवठादाराच्या मुंबईतल्या एजंटाचा निरोप आला: माल 1290 नं बिल करू, वरचा फरक पुढच्या दुसऱ्या रसायनाच्या खेपेत जिरवून देऊ. किमान आयात किमतीच्या व्यवस्थेत हे भोक असतंच. अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे परदेशातून पडत्या भावात येणाऱ्या मालावरचा जादा कर, लावलं तर पैसा सरकारी तिजोरीत जातो. किमान किंमत ठरवली तर वाढीव पैसा परदेशी विकणाऱ्याच्या खिशात जातो, आणि मग तो परत देण्याची भाषा सुरू होते.

थोरला पुरता नाही म्हणत नव्हता. “बाकीचे करणारच. आपण तेवढे सोवळे राहून काय मिळवणार?”

“दादा, पुढची खेप कमी भावात आली की तिथेही बिल खोटंच ठरणार,” धाकटा म्हणाला. “एक झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं.”

कस्टम हाउस एजंटानं वाद मिटवला. सीमाशुल्क कायदा 1962 च्या कलम 111 प्रमाणे प्रतिबंध डावलून आणलेला आणि खोट्या किमतीचा, दोन्ही प्रकारचा माल जप्तीस पात्र आहे; परकीय चलनाचा फेमा कायदा वेगळा. वर त्यानं एक व्यवहारातली गोष्ट सांगितली: रेघेला टेकून, 1290-1295 नं बिल झालेली प्रत्येक खेप तपासणाऱ्याच्या डोळ्यांत भरणारच. पर्याय बाद झाला.

केले काय

पहिल्या खेपेबाबत फारसं सांगण्यासारखं नाही. जहाजावर माल चढल्याची तारीख अधिसूचनेच्या आधीची होती, कागद चोख होते, प्रश्न विचारले गेले, उत्तरं दिली, माल न्हावा शेव्याहून सुटला. कंटेनर बंदरात पडून राहिल्याचं भाडं तेवढं अंगावर आलं.

निवेदनाची गोष्ट मात्र लांबली, आणि तिथेच तीन वळणं आहेत.

पहिलं वळण मसुद्याचं. गटाकडे 2020 चा एक यशस्वी नमुना होता. 14 मे 2020 रोजी केंद्रानं 27 कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. त्यात ऊस आणि मका उत्पादकांच्या रोजच्या वापरातलं अ‍ॅट्राझीन होतं, 2,4-डी होतं, कांदेवाल्यांचं पेंडिमेथॅलिन आणि ऑक्सिफ्लोरफेन होतं. हरकतींना आधी 45 आणि नंतर 90 दिवस मिळाले. निवेदनांचा पाऊस पडला, डॉ. राजेंद्रन समितीनं सगळं पुन्हा तपासलं, आणि सप्टेंबर 2023 च्या अंतिम आदेशात यातल्या एकाही तणनाशकावर पूर्ण बंदी आली नाही. ‘आपण लिहिलं आणि झालं’ ही आठवण गटात ताजी होती. म्हणून त्याच निवेदनातली नावं बदलून नवं तयार झालं.

दोन प्रसंगांत जमीन-अस्मानाचा फरक होता. 2020 चा कागद मसुदा होता, कृषी मंत्रालयाचा, कीटकनाशक कायदा 1968 खालचा, आणि प्रश्न सुरक्षिततेचा होता. तिथे ‘हे गेलं तर पिकात दुसरं काय वापरायचं’ हा शेतकऱ्याच्या बाजूचा युक्तिवाद खराच होता. 2024 चा कागद अंमलात आलेला हुकूम होता, वाणिज्य मंत्रालयाचा, विदेश व्यापार कायदा 1992 खालचा, आणि प्रश्न भावाचा होता. हरकतींची मुदत नव्हतीच. कुलूप बदललं होतं, गट जुनीच किल्ली फिरवत बसला होता.

दुसरं वळण लेबलचं. कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याला गटानं मसुदा वाचायला दिला. त्यांनी शिवाजीनगरच्या एका हॉटेलात तो शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “ऊस, द्राक्ष, डाळिंब लिहिलंय. तुमच्या बाटलीवर कुठली पिकं आहेत?”

बाटलीवर चहा आणि कापूस होता. जुन्नर, बारामती, इंदापूरकडे खपणारा माल बहुतेक बांधावर, द्राक्षाच्या दोन ओळींमध्ये किंवा उसाच्या सरीत जात होता, त्याचा लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकात वापरायची लेबलवरची मंजुरी, नव्हता. म्हणजे दिल्लीला पाठवायच्या निवेदनात सहा कंपन्या आपल्याच सहीनं लिहून देणार होत्या की आमचा माल मंजुरी नसलेल्या पिकांत जातो, आणि त्यावर आमचा धंदा अवलंबून आहे. “हा कागद तुमच्या विरोधात कुणीही वापरेल,” अधिकारी म्हणाले. “गुणनियंत्रणवाल्याला वेगळी तपासणी करायची गरजच नाही.” आणि दुसरं, आयातीचा विषय राज्याच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे प्रत कृषी आयुक्तालयात देऊन फोटो काढण्यापलीकडे पुण्यात काही साधणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. गटातल्या दोघांना तो फोटो तरीही हवा होता.

तिसरं वळण आकड्यांचं. निवेदनाला वजन यावं म्हणून गटातल्या एकानं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं: प्रत्येकानं आपला खरेदीचा भाव, उतराई खर्च आणि येत्या हंगामाचा विक्रीभाव कळवा, सरासरी काढू. दोघांनी लगेच कळवलेही. थोरल्याच्या चार्टर्ड अकाउंटंटनं हे पाहिलं आणि तासाभरात फोन केला. एकाच बाजारातले सहा स्पर्धक आपापसांत पुढच्या हंगामाचे भाव सांगतायत, हे स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3 च्या नजरेतून कसं दिसेल याचा विचार केलाय का? हेतू निवेदनाचा असला तरी कागदावर दिसणार ते भाव ठरवणं. गटातले संदेश पुसून हे मिटत नाही, उलट पुसल्यानं संशय वाढतो. शेवटी असं ठरलं की आकडे प्रत्येकानं थेट सीएकडे द्यायचे, फक्त झालेल्या खरेदीचे, विक्रीभाव अजिबात नाही, आणि सीएनं एकत्रित बेरीज तेवढी निवेदनात द्यायची. बारीक गोष्ट वाटते, पण लहान धंद्यांचे गट इथेच हमखास घसरतात. मोठ्यांकडे वकील असतो, लहानांकडे व्हॉट्सअ‍ॅप.

या तीन वळणांनंतर जे निवेदन उरलं ते दोन पानी होतं. बळीराजा त्यात नव्हता. ‘आम्ही लहान उद्योग आहोत, हा निर्णय आमच्या खेळत्या भांडवलावर असा परिणाम करतो’ इतकं सरळ. मागण्या तीन. 25 जानेवारीआधी बँकेमार्फत आगाऊ रक्कम गेलेल्या ऑर्डरींना एलसीसारखीच सवलत द्यावी. 1289 ही रेघ कायमची न ठेवता ठराविक काळानं आंतरराष्ट्रीय भावाशी ताडून पाहावी. आणि स्वस्त मालापासून संरक्षण द्यायचंच असेल तर व्यापार उपाय महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीटीआरच्या चौकशीतून अँटी-डंपिंग शुल्काच्या मार्गानं द्यावं, कारण तिथे वापरकर्त्या उद्योगालाही हितसंबंधित पक्ष म्हणून नोंदवता येतं, प्रश्नावली भरता येते, तोंडी म्हणणं मांडता येतं.

‘निर्णय मागे घ्या’ हे वाक्य त्यात नव्हतं. त्यावरून गटात भांडण झालं आणि एक जण सही न करता बाहेर पडला. त्याचं म्हणणं, मागायचं तर पूर्ण मागावं, मग अर्धं मिळतं. मंडईत हे चालतं. अंमलात आलेली अधिसूचना मागे घेणं म्हणजे सरकारनं महिनाभरात आपली चूक कबूल करणं. तेवढी किंमत सहा लहान कंपन्यांसाठी कुणी मोजत नाही, असं माझं मत तेव्हाही होतं.

निवेदन फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलं. 1 फेब्रुवारीचा अंतरिम अर्थसंकल्प होऊन गेला होता. 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. ज्या खासदारांच्या पत्राची आशा होती ते तोवर तिकिटाच्या गडबडीत होते. त्यांच्या स्वीय सहायकानं आदरानं निवेदन घेतलं आणि पोच दिली.

निष्पत्ती

मंत्रालयाकडून पोच आली. सवलत आली नाही.

दुसरी खेप रद्द करावी लागली. आगाऊ रक्कम बुडाली नाही, पण परतही आली नाही: पुरवठादारानं ती कंपनीच्या नोंदणीतल्या दुसऱ्या एका रसायनाच्या ऑर्डरीत वळती करून घेतली, रीतसर, बँकेला कळवून. भांडवल त्यामुळे चार-पाच महिने अशा मालात अडकलं ज्याची त्या हंगामात गरज नव्हती.

खरिपासाठी कंपनीनं देशी टेक्निकल घेतलं, नेहमीच्या निम्म्याहून कमी. त्यासाठी राज्याच्या उत्पादन परवान्यात आणि केंद्रीय नोंदणीत कागद आधीच जागेवर होते, हे नशीब. गटातल्या दोघांकडे फक्त आयात टेक्निकलची नोंदणी होती आणि त्यात परदेशी उत्पादकाचं नाव बांधलेलं असतं. त्यांना तो हंगाम सोडावा लागला. दुकानदारांना भाववाढ कळवली तेव्हा धाकट्याला जी ओरड अपेक्षित होती ती झालीच नाही. नारायणगावच्या एका जुन्या दुकानदारानं एवढंच विचारलं, “भाव राहू दे शेठ, उधारी किती दिवसांची?” एकरी शंभर-सव्वाशेच्या गणिताला बाजारानं असा दुजोरा दिला.

देशी उत्पादकांची बाजू इथे नोंदवायला हवी, कारण गटाच्या बैठकांत ती कधीच नीट मांडली गेली नाही. एकाच देशातून येणाऱ्या टेक्निकलवर सगळी फवारणी टेकवून ठेवायची, आणि तिथले भाव पडले म्हणून इथले कारखाने बंद पडू द्यायचे, तर भाव पुन्हा चढतील तेव्हा फॉर्म्युलेटरच पहिला अडचणीत येईल. 2021 मध्ये चीनमधली वीजटंचाई आणि जहाजांची भाडी यांनी ते दाखवून दिलं होतं. थोरल्यानं त्या वर्षी स्वतः देशी टेक्निकलसाठी मिनतवाऱ्या केल्या होत्या. म्हणजे रेघ चुकीची होतीच असं मी म्हणणार नाही. ती ओढताना दुसऱ्या बाजूला काही ऐकवायची सोय नव्हती, हा माझा आक्षेप.

वेगळं काय करता आलं असतं

एलसी. यात वाद नाही. जिथे देशी उत्पादक भावाबद्दल उघड तक्रार करतायत, अशा रसायनाच्या मोठ्या ऑर्डरीला तरी एलसी उघडायला हवी होती. बँकेचं कमिशन हा त्या जोखमीचा विमा समजून. कंपनीनं त्यानंतर अशी एक यादीच केली आहे. डीजीटीआरकडे कुठल्या रसायनाची चौकशी सुरू झाली, कुठली संघटना कशावर निर्बंध मागतेय, हे दर महिन्याला पाहायचं काम आता ऑफिसातल्या एका मुलीकडे आहे. ही माहिती सार्वजनिक असते. 2023 मध्येही होती, कुणी उघडून पाहिली नव्हती.

चार आठवडे निवेदनाच्या पहिल्या, चुकीच्या मसुद्यात गेले. त्याऐवजी पहिल्या आठवड्यात फक्त आगाऊ रकमेचा मुद्दा घेऊन विभागीय कार्यालयात जाऊन लेखी विचारणा केली असती, तर उत्तर कदाचित नकाराचंच आलं असतं. पण ते आचारसंहितेच्या आधी, लेखी आलं असतं, आणि दुसऱ्या खेपेची बोलणी तेव्हाच उरकता आली असती.

संघटनेच्या गप्प राहण्याबद्दल मात्र मी तिला दोष देत नाही. ज्या घरात दोन्ही बाजूंचे सभासद आहेत तिथे असे विषय येण्याआधीच नियम हवा: हित परस्परविरोधी असेल तेव्हा संघटना मत देणार नाही, फक्त प्रक्रियेची मागणी करेल. असा नियम असता तर ‘फॉर्म्युलेटरांनाही ऐका’ एवढं तरी तिच्या लेटरहेडवर जाऊ शकलं असतं, आणि टेक्निकलवाल्यांनाही त्याला विरोध करणं अवघड गेलं असतं.

राहता राहिला लेबल क्लेम. निवृत्त अधिकाऱ्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे: द्राक्षात आणि उसात माल खपवायचा तर त्या पिकांतल्या चाचण्या करा, अवशेषांचा डेटा तयार करा आणि फरीदाबादच्या नोंदणी समितीकडे लेबल वाढवून मागा. धाकट्याला हे मनापासून पटलंय. थोरल्याचा हिशोब वेगळा: चाचण्यांचा खर्च आपण करायचा, आणि पुढे कीटकनाशक कायद्याच्या कलम 9(4) खाली, म्हणजे आधी कुणीतरी नोंदवलेल्या औषधाचीच, नोंदणी असलेला प्रत्येक जण त्याच लेबलवर माल विकणार. गटात खर्च वाटून घ्यायचा प्रस्ताव सीएनं लिहून दिला आहे. दोघं तयार आहेत. बाकीचे आधी दुसऱ्याची सही होण्याची वाट पाहतायत, आणि तोवर बाटली जुन्याच लेबलची, चहा आणि कापूस लिहिलेली, जुन्नरला जाते आहे.